शहाडचा दिव्याचा पंप

ठाणे-कल्याणला चार दिवस जाऊन आले. आल्यापासून जो तो विचारतोय, "काय, झाली का सहल?" सहल! जुना पेट्रोल पंप आणायला कुणी सहलीला जातं का? पण लोकांचं तरी काय चुकलं. सत्तावन्न वर्षांची बाई जुने पंप गोळा करते, त्यांचा गंज काढते, ते पुन्हा उभे करते, हे पटकन कुणाला पटत नाही. वर्कशॉपात येणारं नवं गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून आत डोकावतं आणि विचारतं, "साहेब नाहीत का?" साहेब, म्हणजे माझे यजमान, जाऊन चौदा वर्षं झाली. कराडला जुन्या हायवेवर त्यांचं गॅरेज होतं, ते मी चालवलं. पुढे गाड्या कंपन्यांच्या वर्कशॉपकडे वळल्या आणि माझ्याकडे हे पंप उरले.

पंप म्हणजे आत्ताचे बटणांचे नव्हेत. पुरुषभर उंचीचे, जाड पत्र्याचे, समोर घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यात फिरणारा काटा. डोक्यावरून एक लोखंडी नळी पुढे वाकलेली असते, तिच्या टोकाला एनॅमलची टोपी आणि टोपीत बल्ब. अंधारात आलेल्या गिऱ्हाइकाला आकडे दिसावेत म्हणून ही सोय. आम्ही त्याला दिव्याचा पंप म्हणतो. असे अकरा पंप मी आजवर दुरुस्त केले आणि अकराही कुणाच्या तरी फार्महाउसवर नाहीतर हॉटेलात गेले.

बारावा मला माझ्यासाठी हवा होता. कारण त्याच्यावर माझ्या वडिलांचं अक्षर होतं.

वडील पेंटर. पाट्या रंगवायचे. मी सात-आठ वर्षांची असताना ते कामासाठी कल्याणला गेले आणि सहा वर्षं तिकडेच राहिले. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, चार दिवस पडवीत गप्प बसून राहायचे आणि जायचे. परत आले ते छातीचं दुखणं घेऊनच, आणि वर्षभरात गेले. मला त्यांचा राग होता, खोटं कशाला बोलू? माणूस म्हणून ते मला कळलेच नाहीत. त्यांचं म्हणून फक्त अक्षर ओळखीचं होतं, कारण आमच्या दारावर त्यांनी रंगवलेली पाटी होती. तिच्यातल्या 'श'ला ते एक लांब झोका द्यायचे, तसा 'श' मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. घर नव्यानं बांधलं तेव्हा ती पाटी गवंड्यानं माल कालवायला घेतली. गावातल्या बाकीच्या पाट्या फ्लेक्सखाली गेल्या. त्यांच्या हातचं एक अक्षर कुठे शिल्लक नाही, असं मी धरूनच चालले होते.

आणि दीड महिन्यापूर्वी ठाकुर्लीच्या कर्णिकांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. कर्णिक माझ्यासारखेच पंपवेडे, पण ते फक्त दिवे जमवतात. "शहाडला एका वाडीत उभा आहे, वरचा दिवा अस्सल दिसतो," असं त्यांनी लिहिलं होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. निळा रंग पोपडे धरलेला, आणि पोटावरच्या पांढऱ्या पट्टीवर पुसट अक्षरं: 'काटा शून्यावर आहे ना? पाहून घ्या.' त्या 'शून्यावर'मधला 'श' पाहिला, त्याला तोच लांब झोका होता.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जे हवं असतं त्याच्याकडे बघायचं नाही. पंप हवा असेल तर दिव्याबद्दल विचारायचं, दिवा हवा असेल तर पाइपाबद्दल. आणि मालाला होता होईल तो नावं ठेवायची. मालकाला एकदा कळलं की आपला जीव कशात अडकलाय, की तो अडून बसतो, किंवा चार ठिकाणी फोन फिरवतो आणि वस्तू तिसऱ्याच्या घरात जाते. माझे दोन पंप असे गेलेत. म्हणून कर्णिकांकडून नंबर घेऊन मी शहाडच्या त्या मालकांना फोन लावला आणि ठरलेल्या सुरात म्हणाले, "काका, मला फक्त वरचा दिवा बघायचाय. खालचा पंप काय, भंगारच आहे तो."

पलीकडून त्यांनी 'भंगार?' एवढंच विचारलं. मग ते म्हणाले, "बरा बाय, ये."

झालं. मी खूश. दोन आठवड्यांनी निघाले.

नौपाडा

ठाण्यात माझी मावसबहीण सुधा राहते, नौपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. माझ्या पिशवीत थिनरची बाटली, कापसाचं बंडल, मऊ ब्रश आणि चष्म्यावर लावायचं भिंग होतं. जुनी अक्षरं सोडवायची ती अशीच, कापूस थिनरमध्ये भिजवून बोटभर जागा एका वेळी. पण जिने चढता चढता बाटलीचं बूच सैल झालं आणि सुधासाठी आणलेल्या डिंकाच्या लाडवांना थिनरचा वास लागला. सुधानं एक लाडू हुंगला आणि म्हणाली, "अगं, हे खायचे की दरवाजाला लावायचे?" हसली, पण डबा गॅलरीत ठेवून आली. माझ्या मनाला लागलं. साजूक तुपातले होते ते.

संध्याकाळी मला म्हणाली, "तुझा एक पंप इथे एका कॅफेत ठेवलाय म्हणे, चल बघून येऊ." चालत दहा मिनिटं. न गेले असते तर बरं झालं असतं.

माझा सातवा पंप होता तो. पाच महिने खपले होते त्याच्यावर. त्याच्या पोटाला भोक पाडून आत शीतपेयांचा फ्रिज बसवला होता. तबकडीतला काटा काढून तिथे कॉफीच्या कपाचं चित्र, आणि दिव्याच्या कमानीवरून प्लॅस्टिकच्या वेली सोडलेल्या. मी जवळ जाऊन पत्र्यावर हात ठेवला, तर तिथली मॅनेजर मुलगी लगबगीनं आली.

"मॅम, प्लीज टच नका ना करू. व्हिंटेज आहे तो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "व्हिंटेज? याच्या आतली नळी न् नळी मी या हातांनी धुतलीय. कापायच्या आधी एकदा विचारायचंत तरी!"

"सॉरी मॅम, आमच्या सरांनी ऑनलाइन घेतलाय," ती म्हणाली. बिचारीला काय ठाऊक. सुधानं माझं कोपर धरलं आणि आम्ही एक थंडगार, गोडमिट्ट कॉफी पिऊन बाहेर पडलो. आमच्या कराडात निदान मोडीत घातलेली वस्तू मोडीतच जाते, तिला असं नटवून दारात उभं करत नाहीत. मी रस्त्यानं बडबडत होते आणि सुधा म्हणत होती, "अगं, जाऊ दे ना, तू विकलास ना?"

हो, विकला. पण शहाडचा पंप कुणाच्या बापाला द्यायचा नाही, हे मी त्या रस्त्यावरच पक्कं केलं.

ठाकुर्ली

लोकलगाडीचं वर्णन करत नाही, तुम्ही सगळे त्यातून गेलेले आहात. कर्णिक स्टेशनापासून पाच मिनिटांवर राहतात. निवृत्त फिटर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. दोन खोल्यांचा ब्लॉक आणि त्याच्या छताला एकवीस दिव्यांच्या टोप्या टांगलेल्या, हिरव्या, पांढऱ्या, एक लाल. उभं राहिलं की डोक्याला लागतात. त्यांची बायको घरात सतत किंचित वाकून चालते, आणि तिला त्याचं काही वाटेनासं झालंय. मला मात्र वाटलं.

वहिनींनी वालाचं बिरडं आणि भात वाढला. आमच्याकडे वाल सालासकट आमटीत पडतात. इथे एकेक दाणा सोललेला. इतका वेळ वाकून डाळिंब्या सोलायच्या आणि वर नवऱ्याचे दिवे पुसायचे, मला तर जेवताना घासच गोड लागेना.

कर्णिक विचारत होते, "मालकाशी बोललात ना नीट?"

"बोलले."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, दिवा बघायचाय, पंप भंगार आहे."

"शाब्बास!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "भंगार म्हटलं की माणूस वस्तूवरून मन काढतो. मी तर म्हणतो दिवा घ्या आणि या, ते धूड कशाला न्यायचं?"

त्यांनाही मी अक्षराबद्दल सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांची ओळख, त्यांच्या घरचं जेवण पोटात, आणि मी सरळ चेहऱ्यानं म्हणाले, "बघते, दिवा बरा असला तर." रीत म्हणजे रीत. आपण किती पक्के आहोत याचं मला कौतुकच वाटत होतं.

शहाड

सकाळी कल्याणहून शेअर रिक्षानं शहाडला गेले. पूल ओलांडून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला टॉवर आणि त्यांच्या मधूनमधून एखादी वाडी राहिलेली. रिक्षावाल्यानं मला एक फाटा आधीच उतरवलं आणि वर म्हणाला, "मावशी, दो मिनट का रास्ता है." वीस मिनिटं चालले, उन्हात, थिनरची नवी बाटली सांभाळत. पण खरं सांगते, पाय दुखत नव्हते. मी मनात अक्षरं सोडवत चालले होते. आधी 'काटा', मग 'शून्यावर'. पट्टी सोडवून झाली की तिच्यावर नुसती पारदर्शक लाख चढवायची, नवा रंग एक थेंब लावायचा नाही, असं ठरवलेलं.

वाडीच्या तोंडाशी आंब्याखाली एक म्हातारे उभे होते. ऐंशीच्या पुढचे, पांढरा सदरा, कमरेला टॉवेल. हेच बाळारामकाका, ज्यांना मी फोन केला होता.

"कराडशी आलीस ना? ये गो बाय, ये. पानी पी आधी."

पाणी प्यायले. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा, मग गप्पा, मग जेवायचा आग्रह. इथे सूनबाईंनी सरळ तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी समोर आणली. सकाळचे दहा वाजले होते. मी म्हटलं, आधी दिवा बघते ना. काका म्हणाले, "खा गो. दिवा कं पलून जातंय?"

जेवले. भाकरी पापडासारखी पातळ आणि मऊ, आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे फारच नाजूक. चटणी मात्र झणझणीत. काका समोर बसून माझा घासन् घास बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कसलंतरी हसू होतं, काहीतरी लपवून ठेवलेल्या माणसाचं. मला वाटलं, भाव वाढवणार आता. मीही तयारीत होते.

हात धुतले, तेव्हा ते उठले. "चल. तुना दाखवतंय."

घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये जुनी गोधडी पांघरून पंप उभा होता. काकांनी गोधडीचं टोक धरलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओढली.

पंप लालभडक होता. नवाकोरा, ऑइलपेंटचा, आरशासारखा. वर कमानीचा दिवा घासून पांढराशुभ्र केलेला. तबकडीची काच पुसलेली. आणि पोटावरची पट्टी लाल. सगळाच लाल.

मी जवळ गेले. बोटं फिरवली. माझी बोटं या कामात मुरलेली आहेत, रंगाखाली जुनं अक्षर असलं तर काठ हाताला लागतो. काहीही लागलं नाही. पत्रा पार चांदीसारखा लखलखेपर्यंत घासून मगच रंगवला होता. अगदी मी कुणाच्याही पंपावर जसं काम करते तसं, नीट, घाई न करता.

"हे... कधी केलंत?" मी विचारलं.

"तुजा फोन आला ना, त्याच्या दुसऱ्या दिसापासून." ते जवळ आले. "बाय, तू बोललीस, पंप भंगार हाय. मना लय लागला गो. चालीस वर्सं मी या पंपावर उभा व्हतू. शेठ गेला सोडून, पेट्रोल बंद झाला, पंप ऱ्हायला माझ्या वाडीत. लोका मोडीत मांगाला आली, मी दिला नाय. आनि तू फोनवर बोलतेस भंगार. म्हनलं, येऊ दे बायला. दाखवतू, भंगार कसा हाय."

मागून सूनबाई बोलल्या, "पंधरा दिवस ऐकत नव्हते, ताई. नातू म्हणाला ग्राइंडर आणतो, तर नको म्हणाले, पत्रा दुखेल. पॉलिश पेपरनं घासत बसायचे. हात बघा त्यांचे."

मी हात पाहिले. बोटांची टोकं सोललेली होती, नखांच्या कडांना लाल रंग बसला होता. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"कं बोलतेस? झाला ना मस्त?"

मला ओरडायचं होतं. खरंच सांगते, त्या म्हाताऱ्या माणसावर मला ओरडायचं होतं. आणि त्याच क्षणी कळत होतं की ओरडायचंच तर मला माझ्यावरच ओरडावं लागेल. फोनवर एक वाक्य बोलायचं होतं. 'काका, त्या पट्टीवर माझ्या वडिलांचं अक्षर आहे, हात लावू नका.' एवढंच. त्यांनी त्या पट्टीवर गोधडी घालून दारात राखण केली असती. पण मी पडले हुशार.

"छान झालाय," मी म्हणाले. "अगदी नवा वाटतो."

काकांचा चेहरा उजळला. लगेच दोन खुर्च्या आल्या, चहा आला, आणि त्या पंपासमोर बसून काका सांगत सुटले. त्या दिव्याखाली कुठल्या गाड्या उभ्या राहायच्या, बल्ब गेला की ते कसे शिडी लावून बदलायचे. मी मान हलवत होते. मग ते पोटावरच्या पट्टीकडे हात करून म्हणाले, "हितं लिवलेला व्हता, काटा बघून घ्या म्हनून. एक पेंटर व्हता. तुमच्या तिकरचाच गो, कराडचा. दत्तू."

चहाचा कप मी खाली ठेवला. दत्तू म्हणजे माझे वडील.

"हितंच झोपाचा, पंपाच्या ओट्यावर. जेवाला आमच्या घरी. गप मानूस, पन हात कसला व्हता! अक्षर काराचा तवा मी पेट्रोल सोरून बघत बसाचू." ते स्वतःशीच हसले. "घरशी पोरीचा कार्ड आला का मना वाचून दाखवाचा. तीनतीनदा. बोलाचा, बाळाराम, बघ, सात वर्साची पोर, आनि शब्दाला शब्द कशी लावते. मी बोलाचू, दत्तू, मंग जा ना घरी. त गप बसाचा."

मी पदरानं तोंड पुसलं, ऊन लागतंय म्हणून. ती कार्डं मी आईनं सांगितलं म्हणून लिहायची. 'तीर्थरूप बाबांस सा. न.' त्यांचं उत्तर कधी दोन ओळींपेक्षा जास्त आलं नाही, म्हणून पुढेपुढे मी लिहायचंच सोडलं होतं.

"त्याचा लिवलेला पुसाला जीव होत नव्हता," काका म्हणाले. "दोन दिस तेवरी पट्टी सोरून बाकीचा घासला. मंग म्हनलं, आर्धा जुना आर्धा नवा, बाय परत भंगार बोलंल." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तू वलखतेस का त्याला? कराडचाच ना तो. दत्तू पेंटर."

त्यांचे ते सोललेले हात गुडघ्यांवर ठेवलेले होते. हो म्हटलं असतं तर मला माझ्या वडिलांबद्दल सगळं विचारता आलं असतं. काय खायचे, काय बोलायचे, रात्री खोकायचे का, घरी का येत नव्हते. सहा वर्षं या माणसाजवळ होती, आणि माझ्याजवळ काहीच नव्हतं. पण हो म्हटलं असतं तर काकांना कळलं असतं की पंधरा दिवस घासून त्यांनी काय पुसलं.

"नाही," मी म्हणाले. "कराड मोठं आहे, काका."

"व्हय, मोटा असंल," ते म्हणाले.

पंप मी नेला नाही. म्हटलं, इतका सुंदर झालाय, तुमच्या दारातच शोभेल. त्यांना ते मनापासून पटलं. पण दिव्यासाठी आले होते ना मी, म्हणून माझा शब्द राखायला त्यांनी शिडी लावून दिवा स्वतः उतरवला, माझं काही न ऐकता. माझ्याच पिशवीतला कापूस मागून घेतला, त्याच्यात टोपी गुंडाळली आणि रिक्षा येईपर्यंत ती छातीशी धरून फाट्यावर माझ्याबरोबर उभे राहिले.

रिक्षात बसले तेव्हा आत वाकून म्हणाले, "बाय, त्या दत्तूची पोर असंल तिकरं. आता मोठी झाली असंल, तुज्यायेवरी. भेटली त सांग, बाळारामनं आठवन कारली."

"सांगते," मी म्हणाले.